एका उपमेविरुद्धचा अर्ज

धारूरच्या घाटात सीताफळांचे डोळे उघडू लागले, की त्याची पहिली वर्दी आम्हां तहसीलवाल्यांना मुंग्या देतात. दसरा झालेला असतो, दिवाळी यायची असते, उन्हाला धार असते पण ती सकाळी उशिरा चढते. आणि एके दिवशी आवाराच्या भिंतीकडून माझ्या टेबलाच्या पायाकडे काळ्या मुंग्यांची सरळ ओळ निघालेली दिसते. मान वळवून पाहावे, तर घाटातल्या वस्त्यांवरच्या बाया पाट्या घेऊन भिंतीलगत बसलेल्या असतात. फळावरच्या खवल्यांच्या फटी रुंदावून पिवळसर झाल्या, की आमच्याकडे डोळे उघडले असे म्हणतात. त्याआधी तोडलेले फळ दगडासारखे काळे पडते. त्यानंतर ठेवलेले झाडावरच फुटते आणि पाखरांचे होते. मधले जे थोडे दिवस, त्यांत तोडावे, वाळल्या गवतात आढी घालावी आणि वाट पाहावी.

या दिवसांत फेरफाराच्या तारखेला आलेले लोकही रांगेत उभ्या उभ्या सीताफळ फोडतात. आवारात काळ्याभोर बिया पसरतात आणि सगळ्यांची बोटे चिकट होतात. शासनाकडे जाणारा कागद चिकट असू नये, असे माझे ठाम मत असल्याने मी टेबलावर ओले फडके ठेवतो आणि अंगठा घेण्यापूर्वी प्रत्येकास हात पुसावयास लावतो. इतर अर्जनवीस तसे करीत नाहीत. त्यांचे कागदही तसेच जातात.

माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. पुढचे सारे शिक्षण या पत्र्याच्या शेडखाली झाले आणि ते अद्याप संपलेले नाही. मी स्वतःस साहित्यिक म्हणवून घेत नाही. परंतु तालुक्यातील अनेक कुटुंबांची दुःखे माझ्याच वाक्यांतून वर गेलेली आहेत, हे नाकारण्याचा खोटा विनयही माझ्यापाशी नाही. अर्जाची भाषा कोरडी असावी लागते. अर्जात उपमा चालत नाही. ‘माझी जमीन आईसारखी आहे’ असे लिहिले, तर साहेब सातबारावर आईचे नाव शोधतात. म्हणून उपमेपासून मी उभी हयात अंतर राखून राहिलो. ते अंतर ज्या सीताफळांच्या दिवसांत मिटले, ते दिवस काही वर्षांपूर्वीचे असले तरी मुंग्यांची ओळ दिसली की काल झाल्यासारखे समोर येतात.

त्या सकाळी घाटाखालच्या एका गावाहून भागवत नावाचा माणूस मोटारसायकलवरून आला. गावाचे नाव मी सांगणार नाही; तो आमच्या धंद्याचा धर्म आहे. मागे त्याचा एक सोबती होता. भागवतने गाडीही नीट उभी केली नाही.

“मुनशी, अर्ज लिहा. कडक पायजे. बुक बंद झालं पायजे आन त्या मॅडमची चौकशी लागली पायजे.”

“कोणते बुक? कोणत्या मॅडम?”

त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर एका छापील पानाचा फोटो होता आणि एका वाक्याखाली लाल रेघ ओढलेली होती: ‘पहिला गोळा पडला तेव्हा किसन करडासारखा थरथरला.’

हळूहळू उलगडा झाला. भागवतचे चुलते नामदेव एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेकडच्या वाळवंटात कामी आले होते. वय विशीच्या आतबाहेर. गावाच्या वेशीवर त्यांच्या नावाची कमान आहे. अंबाजोगाईच्या एका विद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या शमीम मॅडम कधीकाळी गावात येऊन घरच्या पुरुषांशी बोलून गेल्या होत्या, आणि आता त्यांनी एका पोरसवदा सैनिकावर कादंबरी लिहिली होती. नाव किसन ठेवले असले, तरी घाटाखालचे गाव, सीताफळांची बने आणि सुट्टी अर्धी टाकून तारेसरशी परत गेलेला जवान, यावरून गावाने ओळखायचे ते ओळखले होते.

“आमच्या चुलत्याला करडू म्हणती, मुनशी! शेळीचं पिल्लू! कमानीवर वाघ कोरलाय आमी दोन बाजूंनी. लोक काय म्हणतेन?”

सोबती हसला आणि मॅडमच्या नावावरून एक वाक्य बोलला. ते वाक्य मी ऐकले नाही, म्हणून लिहिलेही नाही. भागवतनेच त्याला दाबले. “गप बे. त्याचा काय संबंध? हितं करडाचं चाललंय.” मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, “शाळेवाल्यायला सांगून आलोय मी. लेखी अर्ज आला की बाईला घरी बसवतो म्हनलेत ते.”

म्हणजे प्रकरण नुसते पुस्तकाचे नव्हते. एका बाईची नोकरी माझ्या लेखणीच्या टोकाशी येऊन थांबली होती.

“पुस्तक वाचले आहे का तुम्ही?”

“वाचायचं कावून? फोटू हाय की.”

“पुस्तक आणा. आक्षेपार्ह मजकूर पूर्वापर संदर्भासह, परिच्छेदाच्या आरंभापासून शेवटापर्यंत उतरवल्याशिवाय मी अर्ज लिहीत नाही. अर्धे वाक्य उतरवणारा अर्जनवीस आणि अर्धा पूल बांधणारा गुत्तेदार, यांत मला फरक वाटत नाही.”

“म्हंजे इरोधात अर्ज करायला आधी बुक इकत घ्यायचं?” भागवत आ वासून बघत राहिला. “ह्ये बरंय! लई नफ्यात जाईल की मग बाई!”

“आणि दुसरे. सख्खे नातेवाईक कोणी हयात आहे का? पुतण्याच्या अर्जाला तितके वजन येत नाही.”

“आत्या हाय. गयाबाई. सख्खी थोरली भैन त्याची. अंगठा देती ती.”

“त्यांनाही आणा. अर्ज मी अंगठा देणाऱ्यास पूर्ण वाचून दाखवतो. त्याशिवाय शाई उघडत नाही.”

दोन दिवसांत पुस्तक माझ्या टेबलावर पडले, आणि माझ्यावर ती आपत्ती आली जिला चांगले पुस्तक म्हणतात.

मला आठवते ती त्या दिवसांतली घरातली दुपार. मागच्या खोलीत गवताच्या आढीत फळे पिकत होती आणि त्यांचा गोड, किंचित आंबूस वास पानांत शिरत होता. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, दोष काढायला. कादंबऱ्यांतले युद्ध मला पूर्वीपासून नापसंत. रणभूमी ‘लाल गालिचा’ होते, तोफा ‘गर्जतात’, जवान ‘सिंहासारखे’ झेप घेतात. ज्या लेखकाने सिंह पाहिलेला नाही, तो ज्या जवानाने सिंह पाहिलेला नाही त्याला सिंहाची उपमा देतो, आणि वाचकानेही सिंह पाहिलेला नसतो. तिघांपैकी कोणीच साक्षीदार नाही, असा हा व्यवहार.

शमीम मॅडमच्या कादंबरीत एकही सिंह नव्हता. किसनला रेल्वेतून वाळवंट पहिल्यांदा दिसते तेव्हा समुद्र, लाटा असले काही त्याच्या डोक्यात येत नाही. त्याने समुद्र पाहिलेला नाही. त्याला दिसते ती उफणणी संपलेली खळी, एकामागून एक, आणि ‘एवढे धान्य निघाले तरी कुठे वाहून नेले’ असा प्रश्न पडतो. अंधारात लाल गोळ्यांची रांग आकाशातून येते तेव्हा त्याला लोहाराच्या ऐरणीवरच्या ठिणग्या आठवतात. ‘फक्त इथली ठिणगी वाटेत विझत नव्हती.’ त्या ओळीशी माझी पेन्सिल थांबली. उपमा ही लेखकाच्या श्रीमंतीतून द्यायची नसते, पात्राच्या कमाईतून द्यायची असते, हे मला तिथे कळले. विशीतल्या पोराची कमाई ती किती? एक गाव, एक घाट, चार जनावरे, एक बाजार. तेवढ्यातूनच त्याला अख्खे युद्ध मोजायचे असते. तराजू दाणे तोलायचा आणि पारड्यात डोंगर. त्याचे ते केविलवाणेपण आणि त्याची ती ऐटही, दोन्ही त्या उपमांत होती.

वस्तूंचेही तसेच. इतिहास म्हणजे तारखा, असे ज्यांना वाटते त्यांनी हे पुस्तक वाचावे. त्यात चहाला पेट्रोलचा वास येतो, कारण पाणी पेट्रोलच्या डब्यांतून आलेले असते. त्यात खिशात शंकरपाळ्यांसारखे गोड तुकडे असतात, जे भूक मारतात पण दात दुखवतात. रायफलीची नळी पुसायच्या कापडाला जवान ‘चिंधी’ म्हणतात, आणि किसनला चिंधी हा घरचा शब्द भेटल्यावर इतके बरे वाटते, की तो दिवसातून नको तितक्यांदा नळी पुसतो. उस्ताद त्याला शाबासकी देतो. तो शब्दासाठी पुसत होता, हे फक्त वाचकाला ठाऊक.

आणि मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी मी कोणा प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलेली नाही. पुस्तकाच्या पहिल्या भागात युद्ध गावासारखे दिसते. दुसऱ्या भागात, पोरगा जुना होत जातो तसे, गाव युद्धासारखे दिसू लागते. घरची आठवण काढताना त्याला बहिणीच्या बांगड्यांचा आवाज आठवतो, तो ‘रिकामी काडतुसे एकमेकांवर पडावीत तसा’. आईने चुलीत घातलेले लाकूड त्याला बंदुकीच्या दस्त्यासारखे वाटते. उपमांची बैलगाडी जाताना एक माल घेऊन गेली आणि येताना दुसराच घेऊन आली. मॅडमनी त्याबद्दल एक अक्षर सांगितलेले नाही. मी ते पान मिटून अंगणात गेलो. घाटावर ऊन कलले होते. सीताफळांच्या बनांत शेळ्या चरत होत्या. शेळी सगळे खाते, सीताफळाच्या पाल्याला मात्र तोंड लावत नाही. म्हणून आमच्या डोंगरांवर तेवढेच झाड शिल्लक राहिले. काय टिकते आणि कशामुळे टिकते, याचा विचार करीत मी बराच वेळ उभा होतो.

एकच दोष आढळला. एका प्रकरणात दिवाळीच्या सुमारास सीताफळाला फूल दाखवले आहे. फूल पावसाळ्याच्या तोंडाशी येते. दुसऱ्या आवृत्तीत ही दुरुस्ती व्हावी, असे मी पुढे लेखी कळविले.

अर्ज मात्र लिहिला. माझे मत मागितलेले नव्हते, अर्ज मागितला होता. विषय, संदर्भ, आक्षेपार्ह मजकूर, मागणी. मजकुराच्या जागी अख्खा परिच्छेद.

भागवत आत्याला घेऊन आला. गयाबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, सडपातळ, काष्टा घट्ट. येताच त्यांनी भिंतीकडच्या पाट्यांकडे पाहून सांगितले, “कच्ची तोडल्यात मेलींनी.” मग ओल्या फडक्याने हात पुसले आणि अंगठा पुढे केला.

“मावशी, आधी ऐका.”

“काय ऐकायचं? नामाला कायतरी वंगाळ लिव्हलंय म्हनं.”

मी वाचू लागलो. मी अर्ज वाचतो तेव्हा आवाज चढवत नाही, उतरवत नाही. ‘पहिला गोळा पडला तेव्हा किसन करडासारखा थरथरला. करडू पळत नाही. आवाज झाला की ते आईच्या पोटाखाली शिरते आणि तिथून सारे जग बघते. किसनने डोके जमिनीच्या पोटाशी दाबले. जमीन उबदार होती. थोड्या वेळाने त्याने मान वर केली आणि समोर बघितले. मग तो समोरच बघत राहिला, उजाडेपर्यंत.’

“पुन्यांदा वाच,” गयाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचले.

“ह्यात वंगाळ कुठं हाय रं, भागवत?”

“आत्या, करडू म्हनलंय! करडू!”

“मंग? करडूच व्हता त्यो. तू पाह्यलास का त्याला?”

“मी कसा पाहीन? मी जन्मलोच न्हवतो.”

“मंग गप बस. कमान बांधली म्हून काय वळखीचा झाला व्हय तुझ्या?” त्यांनी अंगठा पदरात गुंडाळला आणि माझ्याकडे वळल्या. “थंडीत करडू पोटाशी घिऊन निजायचा, भाऊ. एकल्याला झोपच यायची न्हाई. मिसरूड फुटली तरी माज्या पदराचं टोक हातात लागायचं. म्या म्हनायची, आरं तिकडं पलटनीत कुनाचा पदर धरशीन? तं लाजायचा.”

आवारात कोणीतरी कोणाला हाका मारीत होते. गयाबाईंचा आवाज खाली आला.

“तार आली. तारंत मेला येवढंच व्हतं. कसा मेला ते कोन सांगनार? समदं जग म्हनतं शूर व्हता, शूर व्हता. आसंल. मला येकच लागून ऱ्हायलंय. मरताना एकलाच आसंल का रं त्यो?”

भागवतने मान खाली घातली. करडाचा विषय तिथे संपला होता, हे त्याला माझ्याआधी कळले असावे.

“अजून हाय का त्यात?” गयाबाईंनी पुस्तकाकडे बोट केले. “सुट्टीवर आलता ते हाय का?”

होते. मी सुट्टीचे प्रकरण उघडले. त्या शेडखाली, माझ्या टेबलासमोर लोक ताटकळत असताना, मी पहिल्यांदा अर्ज नसलेले काहीतरी मोठ्याने वाचले. किसन घरी येतो, बनात जातो, तार येते, आई त्याच्या ट्रंकेत गणवेशाच्या घडीमध्ये कच्च्या सीताफळांची आढी घालते. गयाबाई मध्येच म्हणाल्या, “ट्रंकेत न्हाई. फडक्यात बांधून दिलती, म्याच. पर ऱ्हाऊ दे. ट्रंक बी बरी दिसती.” पलटणीत पोचेपर्यंत फळे पिकतात, पोरे ती वाटून खातात आणि बिया खंदकाच्या कडेला पुरतात; वाळवंटात सीताफळ येणार नाही हे सगळ्यांना माहीत असते, तरी एक जण त्यावर पेट्रोलच्या वासाचे पाणी घालतो. इथे गयाबाई मोठ्याने हसल्या. पुढचे प्रकरण शेवटच्या सकाळचे होते. मी पान उलटले, तसा त्यांनी हात आडवा केला.

“बास. म्होरलं नगं.”

“अर्जाचे काय करू, मावशी?”

“तुजा कागद हाय. तू बघ.”

अंगठ्याची जागा कोरी राहिली. भागवतने थोडा वेळ हेल्मेट या हातातून त्या हातात घेतले. “मंग आता लोकायला काय सांगू मी?” त्याने विचारले, आणि तो खरोखरच विचारत होता.

“आत्याने पुस्तक वाचून घेतले असे सांगा.”

“लई अवघड काम लावता राव तुमी.” पण त्याने ते केले. त्यानंतर तो शाळेतही गेला आणि अर्ज येणार नाही असे सांगून आला. त्या दिवशी जाताना पुस्तक मात्र माझ्याकडेच ठेवून गेला होता. घरी नेले तर पोरे त्याच्या पानांचे काय करतील याचा भरवसा नाही, असे तो म्हणाला.

त्याच मोसमाच्या अखेरीस शमीम मॅडम येऊन गेल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, हातात छत्री, बोलणे मोजके. शाळेने त्यांना बोलावून घेतले होते आणि मग काही न बोलता सोडून दिले होते; मधे काय घडले ते त्यांना भागवतकडून कळले. आभार मानायला आल्या होत्या. मी म्हटले, आभाराचे कारण नाही, मी अर्ज लिहिला होता. त्यावर त्या हसल्या. मी त्यांना माझे मत सांगितले; गावासारखे दिसणारे युद्ध आणि युद्धासारखे दिसणारे गाव, याबद्दल. त्यांनी छत्री खाली ठेवली आणि पहिल्यांदा नीट बसल्या.

“हे अजून कोणी म्हणालं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“इतक्या वस्तू कुठून आणल्या?”

“अब्बांकडून. ते त्या लढाईत गाड्यांचे मेकॅनिक होते. नंतर अंबाजोगाईत गॅरेज टाकलं. लढाईबद्दल विचारलं की फक्त वस्तू सांगायचे. डबा असा होता, चहा असा होता, बोल्ट थंडीनं हाताला चिकटायचा. कसं वाटलं, हे कधी सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.” त्यांनी पाटीतले एक फळ हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिले. “म्हणून वस्तू त्यांच्या आहेत. उपमा माझ्या.”

मी पुष्कळ परिच्छेद लिहिले आहेत. सैनिकांच्या कथेतल्या कल्पनेबद्दल आणि खरेपणाबद्दल यापेक्षा नेमके वाक्य मला लिहिता आलेले नाही. बापाने मौन राखले आणि लेकीने त्या मौनात शेळ्या, खळी, ठिणग्या आणून सोडल्या. पण सोडताना कुंपण बापाच्या वस्तूंचे होते. एकही शेळी त्याबाहेर गेली नाही. ज्यांना कल्पनाशक्ती म्हणजे मोकाट सुटणे वाटते, त्यांनी ते कुंपण बघावे. फुलाचा दोष मी त्याच वेळी लेखी त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो नम्रपणे मान्य केला.

तेव्हापासून दर मोसमात गयाबाई येतात. बाजाराच्या दिवशी, सकाळच्या जीपने. पाट्यांतल्या फळांना नावे ठेवतात, हात पुसतात आणि माझ्यासमोरच्या बाकड्यावर बसतात. मी सुट्टीचे प्रकरण वाचतो. शेजारच्या टेबलांवरचे अर्जनवीस सुरुवातीला कुजबुजत. आता तेही लेखणी खाली ठेवतात. एकदा एक तलाठी उभा राहून ऐकत होता. बिया पुरायच्या जागी गयाबाई हसतात, पान उलटायच्या जागी हात आडवा करतात, आणि मी थांबतो. मी कधी विचारले नाही. एखाद्या वाक्याच्या पुढे न जाण्याचा हक्क माणसाला असतो, हे मला धंद्याने शिकवले आहे.

या वर्षी पाऊस लांबला, फळ उशिरा आले, बारीक आले, पण गोडीला जास्त. गयाबाई भागवतच्या हाताला धरून आल्या. नजर बरीच गेली आहे. मुंग्यांच्या ओळीवर पाय पडला, तो त्यांना दिसला नाही. वाचन नेहमीसारखे झाले. बिया पुरल्या, त्या हसल्या. मी पुस्तक मिटू लागलो.

“औंदा म्होरलं वाच.”

भागवतने माझ्याकडे पाहिले. मी पान उलटले.

त्या प्रकरणाबद्दल मला जे म्हणावयाचे आहे ते असे. तीनशे पानांत ज्या बाईने गोष्टीगणिक उपमा दिली, तिने शेवटच्या सकाळी एकही दिलेली नाही. ‘सारखे’ नाही, ‘जणू’ नाही, ‘प्रमाणे’ नाही. मी ते पूर्वी एकट्याने वाचले होते तेव्हाही मला जाणवले होते. मोठ्याने वाचताना ते छातीत बसले. माझ्या अर्जाइतकी कोरडी वाक्ये. ‘उजाडत होते. किसन आणि गंगाधर खंदकात होते. गोळा जवळ पडला. किसनला छातीत लागले. गंगाधरने त्याचे डोके मांडीवर घेतले. किसनने पाणी मागितले. गंगाधरने डब्यातले पाणी दिले. किसनने गंगाधरच्या स्वेटरची बाही धरली. ऊन खंदकात आले तेव्हाही बाही त्याच्या हातात होती.’ एवढेच. मरणाला कशाचीही उपमा द्यायची नाही, असे ठरवायला केवढा संयम लागतो! आणि तो संयम केवढा आदर!

गयाबाईंनी पदराचे टोक मुठीत धरले. मग विचारले, “ह्यो गंगाधर कोन?”

मी हयातभर ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ हे वाक्य लिहीत आलो आहे. जे मला माहीत नाही ते खरे आहे, असे मी कोणास सांगू शकत नाही. एका म्हातारीस तर नाहीच.

“मावशी, तो मॅडमच्या कल्पनेतला आहे. असा कोणी होता की नाही, ते कोणालाच माहीत नाही.”

“ते कळतंय मला. येडी न्हाई म्या. ते मनाचं हाय.” त्यांनी ते हातानेच उडवून लावले. “पर खड्ड्यात दोघं दोघं आसत्यात, ह्ये बी मनाचंच हाय, का खरं हाय?”

‘खरे आहे’ म्हणणे सोपे होते. भागवत डोळ्यांनी तेच सांगत होता. मी मोबाइल काढला आणि शमीम मॅडमना फोन लावला. त्या वर्गावर होत्या. मागे मुलांचा गलका होता. मी प्रश्न जसाच्या तसा सांगितला आणि आवाज मोठा करून मोबाइल बाकड्यावर ठेवला. गलका कमी झाला. त्या वर्गाबाहेर आल्या असाव्यात.

“ते अब्बांचं आहे,” मॅडम म्हणाल्या. “माझं नाही. अब्बा सांगायचे, मोर्चाच्या खंदकात एकट्याला कधी ठेवत नाहीत. दोघं असतात, आजी. एकानं जागायचं, एकानं पडायचं. मग उलट.”

गयाबाई फोनकडे बघत राहिल्या, जणू त्यातून अजून कोणी बोलणार होते. मग त्यांनी पदराचे टोक सारखे केले आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू आले, जे मी बिया पुरायच्या जागीसुद्धा कधी पाहिले नव्हते.

“जागायचं काम नामाचं नसंल,” त्या म्हणाल्या. “संगं कुनी व्हतं तं त्यो निजलाच आसंल.”